ओठ चावणारा वीर

संगणकाच्या बाल्यावस्थेंत कांहीं खेळ केवळ शब्दांवर चालत. यंत्रानें दोनचार वाक्यांत स्थळ वर्णावें, खेळणाऱ्यानें कळफलकावर आज्ञा लिहावी, आणि कथा एक पाऊल पुढें सरकावी, असा तो प्रकार. स्कॉट अ‍ॅडम्स ह्या अमेरिकन लेखकानें १९७८ मध्यें आपला असा पहिला खेळ अवघ्या १६ किलोबाइट स्मृतींत बसविला. पुढें मार्व्हलच्या चित्रकथांतील महावीर घेऊन त्यानें 'क्वेस्टप्रोब' ही माला आरंभिली. 'हल्क' व 'स्पायडर-मॅन' हे भाग १९८४ मध्यें निघाले. 'ह्यूमन टॉर्च' व 'थिंग' ह्या जोडीचा तिसरा १९८५ मध्यें. संकल्प बारांचा होता, पण प्रकाशनसंस्थेचें दिवाळें निघालें आणि माला तिहींवरच थांबली. जुन्या यंत्राचें सोंग घेणाऱ्या साधनांमुळें हे भाग आतां पुन्हां खेळतां येतात. कांहीं यंत्रांवर त्यांस चित्रांची जोड होती खरी. तथापि कथा पुढें नेतात ते शब्दच.

'हल्क'चा आरंभ आम्हांस अप्रतिम वाटतो. ब्रूस बॅनर हा शास्त्रज्ञ खुर्चीला हातपाय बांधलेल्या स्थितींत आहे. संतापला कीं तो राक्षसदेह धारण करतो, हें चित्रकथेच्या वाचकास ठाऊक; पण जखडलेल्या माणसानें संताप आणावा कोठून? उत्तर एवढेंच, कीं ओठ चाव. वेदनेंतून क्रोध, क्रोधांतून बळ! दोन शब्दांत त्या वीराचा सारा स्वभाव आला, आणि तो लेखकानें सांगितला नसून वाचकानें स्वतः योजला. छापील चित्रकथेंत आपण हिरव्या राक्षसाकडे नुसते पाहत राहतों. येथें त्याची वेदना आधीं आपल्यालाच सुचावी लागते.

पुढें मात्र घसरण आहे. वीरानें रत्नें शोधावीं, नेमल्या जागीं आणून ठेवावीं आणि गुण मोजावे. ज्याच्या मुठीनें भिंती फुटाव्या तो कोठीवरचा कारकून होऊन बसतो. स्पायडर-मॅनची गत निराळी नाहीं. तिसऱ्या भागांत दोन वीरांत अदलाबदल करीत खेळावयाचें असतें. ती युक्ति बरी.

हा प्रकार आमच्या वाचकांस अगदींच परका वाटूं नये. वेताळपंचविशींतही वेताळ गोष्ट सांगून प्रश्न टाकतो, आणि विक्रम बोलला म्हणजे पुढची गोष्ट निघते. फरक इतकाच, कीं विक्रमाचें उत्तर पूर्वींच लिहिलेलें आहे. यंत्रापुढें बसलेला मुलगा चुकूं शकतो.

असा खेळ मराठींत रचल्यास एक गंमत होईल. इंग्रजी आज्ञेंत क्रियापद आधीं, मराठींत अखेरीस. 'ओठ' एवढें लिहून आमचा मुलगा क्षणभर थांबेल: मिटावा, पुसावा, कीं चावावा? हा एक श्वास इंग्रजी खेळणाऱ्यास लाभत नाहीं. संगणक शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें मनावर घ्यावें. स्थळासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं; कंधारचा भुईकोट पुरे. समोर खंदक आहे, पलीकडे दरवाजा दिसतो, अशा वाक्यानें आरंभ करतां येईल.