आम्ही चुकीचा सिनेमा बघत होतो

‘सिंहासन’ मी पहिल्यांदा अख्खा पाहिला तो कर्जत लोकलमध्ये. बदलापूरपर्यंत उभ्याने, फोन छातीशी धरून. बदलापूरला डबा रिकामा झाल्यावर बसून. उरलेला दुसऱ्या दिवशी. त्याच आठवड्यात आमच्या स्टार्टअपच्या फाउंडरला बोर्डाने काढलं होतं. ऑफिसात जो तो ‘द सोशल नेटवर्क’ पुन्हा बघत होता आणि त्यातले सीन ग्रुपवर टाकत होता.

फाउंडर आणि डायरेक्टर यांच्या भांडणाची गोष्ट म्हटलं की आमच्या पिढीला डेव्हिड फिंचरचा हा 2010 चा सिनेमाच आठवतो. एदुआर्दो न वाचता सह्या करतो, नंतर त्याला कळतं की आपला वाटा 0.03 टक्क्यांवर आलाय, आणि तो मित्राचा लॅपटॉप आपटतो. सीन जबरदस्त आहे, वाद नाही. पण ॲरन सॉर्किनने त्या आकड्याचं काय केलं बघा. आकडा येतो तो थोबाडीत मारल्यासारखा, मैत्रीतला दगा म्हणून. वाटा नेमका कसा पातळ होतो, हे समजून घ्यायची गरजच उरत नाही. आणि लॅपटॉप फुटताना मागे आपापल्या डेस्कवरून बघणारे लोक आहेत ना, त्यांना नाव नाही. तिसऱ्यांदा बघताना मी फक्त त्यांच्याकडेच बघत होतो.

आपल्याकडचं उदाहरण पवईचं. 2012 मध्ये आयआयटी मुंबईच्या बारा पोरांनी हाउसिंग डॉट कॉम सुरू केलं. 2014 च्या डिसेंबरमध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने 9 कोटी डॉलर्सची गुंतवणूक झाली. मे 2015 च्या सुरुवातीला सीईओ राहुल यादवचं राजीनाम्याचं पत्र बाहेर आलं. डायरेक्टरांशी शहाणपणाची चर्चा होऊ शकत नाही, त्यांची तेवढी बौद्धिक कुवत नाही, असा त्याचा सूर. लगेच माफी, राजीनामा मागे. त्याच महिन्यात त्याने आपले सगळे शेअर्स कर्मचाऱ्यांना देऊन टाकले. 1 जुलैला बोर्डाने त्याला काढलं.

ते पत्र मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाचलं तर रुसून लिहिलेलं वाटतं. त्याच्याकडे शेअर्स होते साडेचार टक्क्यांच्या आसपास. एवढ्यावर ‘माझी कंपनी’ म्हणायचं तर बाकीच्या साडेपंचाण्णवांशी बोलता यायला हवं. त्याला बोलता येत नव्हतं, आणि हा दोष बोर्डाचा नाही. शेअर्स वाटण्यातला दिलदारपणा मात्र खरा होता, तो मी नाकारणार नाही. तरी त्याच वर्षी तिथे नोकरकपात झाली आणि जानेवारी 2017 मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली.

जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ 1979 चा. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्र्यांना (अरुण सरनाईक) निनावी फोन येतो की तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. अर्थमंत्री दाभाडे (श्रीराम लागू) खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. मग सुरू होते मोजणी. कोण आपल्याकडे, कोण कुंपणावर, कोणाला काय दिलं की तो येईल. यात कोणी कोणाचा जिवलग मित्र नाही, त्यामुळे दगाही नाही. खुर्ची आपण बनवली म्हणून आपली, असं इथे कोणालाच वाटत नाही. फाउंडरला नेमकं तेच वाटत असतं. प्रत्येक राउंडला त्याचे टक्के उतरतात, नवा गुंतवणूकदार पैशांबरोबर आपला माणूस बोर्डावर बसवतो आणि ऑफिसात केक कापला जातो. आमदार फुटतात ते त्या केकच्या दिवशीच. कळतं दोन वर्षांनी.

आमच्या तालुक्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही. सरपंचावर अविश्वास ठराव येणार म्हटलं की सदस्य एकाएकी ‘देवदर्शनाला’ जातात. आमच्या कंपनीची शेवटची ऑफसाइट कर्जतच्याच एका फार्महाउसवर होती, माझ्या घरापासून बाइकने वीस मिनिटांवर. शेकोटीपाशी फाउंडर म्हणाला, आपण एक कुटुंब आहोत. दोन डायरेक्टर तिकडे नदीच्या बाजूला फोनवर होते, रेंजसाठी असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तीन आठवड्यांनी मेल आला. गावातल्या कुठल्याही पोराला नदीकाठी कोण कोणाशी बोलतंय हे दिसलं असतं. मला इंजिनीअरिंग करून दिसलं नाही.

‘सिंहासन’ निर्दोष नाही. बायकांना त्यात घरच्या गुंत्याबाहेर जवळजवळ जागा नाही, आणि नाना पाटेकरचं स्मगलिंगचं उपकथानक मला तरी चिकटवल्यासारखं वाटतं. पण त्यात डिकास्टा आहे. सतीश दुभाषींनी केलेला हा कामगार पुढारी साधुपुरुष नाही, सौदे करतो, त्यालाही वापरून घेतात. तरी खुर्चीच्या खेळात कामगारांच्या संपाला किंमत आहे, ती धरूनच सगळ्यांना हिशेब करावा लागतो. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू हे सगळं जवळून पाहत राहतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. आमच्या ऑफिसात दिगू पुष्कळ होते, ग्रुपवर मीम टाकणारे. डिकास्टा एकही नव्हता. आम्हाला फोडायची कोणाला गरजच पडली नाही.

नव्या सीईओने महिन्याभरात आमची टीम बंद केली आणि मी राजीनामा दिला. बाबांनी खोपोलीच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. त्यांना ईसॉप समजावत होतो: दोन वर्षांत जमा झालेले हक्क, ते शेअर्समध्ये बदलायला नव्वद दिवस, त्याचे पैसे वेगळे, वर कागदावरच्या फायद्यावर टॅक्स, आणि शेअर लिस्टेड नसल्याने विकायचे कोणाला हा प्रश्नच. त्यांनी सगळं ऐकलं.

“मालक बदलायच्या मीटिंगला तुमच्यातला कोण होता?”

“कोणी नाही.”

“मग शेअर कसले?”

मी त्यांना हक्क आणि शेअर यांतला फरक पुन्हा सांगायला लागलो, पण ते गॅलरीत निघून गेले. नव्वदपैकी अकरा दिवस उरलेत. फॉर्म अजून भरलेला नाही.