प्रमाण कोणाचे?

कलेला जात नसते, असे म्हणण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. रेषेला जात नसते, रंगाला नसते, त्रिकोण-चौकोनाला तर नसतेच नसते. हे खरे आहे. पण कोणती रेषा डौलदार आणि कोणती ओबडधोबड हे ठरविणारा जो डोळा असतो, त्याला घर असते, आळी असते, शाळा असते. आणि आपल्या समाजात ज्याला आळी आहे त्याला जात आहे. साहित्याच्या बाबतीत हा मुद्दा आपण अर्धशतकाहून अधिक काळ मांडत आलो आहोत. भाषेविषयी, रसाविषयी, अभिरुचीविषयी आपण भांडलो. चित्र आणि शिल्प यांविषयी मात्र आपण फार थोडे बोललो.

लिहिण्याला निमित्त घडले ते असे. पिंप्राळ्याहून आमच्या वर्गात येणारा एक विद्यार्थी आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा तो उत्तीर्ण झालेला. जयंतीच्या आधी त्याने बाबासाहेबांच्या एका पुतळ्याचे पेन्सिलचित्र काढून आणले. कलेतले जाणकार समजले जाणारे एक गृहस्थ तेथे होते. ते हसून म्हणाले, "पंजा केवढा काढलास! प्रमाण चुकले." मुलगा म्हणाला, "सर, चौथऱ्याच्या पायथ्याशी बसून काढला. तेथून तसाच दिसतो." गृहस्थ म्हणाले, "मग पुतळाच चुकला असेल. तुमच्याकडचे पुतळे असेच असतात." मुलाने चित्र गुंडाळले. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "सर, आमच्या लोकांनी वर्गणी काढून तो बसवला. आम्हांला तो कधी चुकीचा दिसला नाही. मग आमचा डोळाच चुकीचा आहे का?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. एक, ही सगळी कला त्यांची आहे, आपल्याला तिच्याशी कर्तव्य नाही. दुसरे, होय, तुझा डोळा अडाणी आहे, तो सुधार. पहिल्याने आपण अज्ञानाचा अभिमान बाळगतो, दुसऱ्याने गुलामीचा. माझ्या मते दोन्ही उत्तरे नाकारली पाहिजेत. नाकारण्यासाठी मात्र चित्रकलेचे व्याकरण आधी शिकावे लागते.

हे व्याकरण अवघड नाही. रेषा, आकार, रंग, छायाप्रकाश, पोत आणि अवकाश हे त्याचे मूलघटक. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य आणि एकसंधपणा ही ते घटक जुळविण्याची तत्त्वे. नावे पुस्तकी आहेत, गोष्टी घरच्या आहेत. सारवलेल्या भुईवर बोटांची वळणे उमटतात, तो पोत. आई गोधडीला कडेपासून आत धावदोरा घालीत जाते, ती लय. टोपली विणणाऱ्याची एक कांब सैल पडली की टोपली कलते, म्हणजे तोल गेला. आपल्या माणसांनी ही तत्त्वे हातांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. त्यांना नावे देण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता. नावे आली ती शाळेतून. मुंबईला १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. विलायती पद्धतीचे रेखांकन तिच्यातून आपल्याकडे रुजले. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले. रेखाकला परीक्षा आज तेच घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत या परीक्षांनी नेले, हे मान्य केले पाहिजे.

आता त्या गृहस्थांच्या आक्षेपाकडे येऊ. वस्तुचित्राचा पहिलाच धडा डोळ्याच्या पातळीचा असतो. मध्ये तांब्या ठेवलेला असतो आणि मुले भोवती बसलेली असतात. ज्याची दृष्टी तांब्याच्या तोंडाच्या पातळीत आहे त्याला ते तोंड एका आडव्या रेघेसारखे दिसते. जो उंचावरून पाहतो त्याला तेच तोंड लंबगोल होऊन उघडते. तांब्या एक, चित्रे तीस, आणि तिसांतले प्रत्येक बरोबर असू शकते. यालाच यथार्थदर्शन म्हणतात. जवळची वस्तू मोठी दिसते, दूरची लहान दिसते. उंच चौथऱ्यावरील पुतळ्याच्या पायथ्याशी जो बसतो त्याला पुढे आलेला पंजा मोठा दिसणार आणि दूरचे मस्तक त्या मानाने लहान दिसणार. मुलाने जे पाहिले ते इमानाने काढले. चूक असेलच तर ती परीक्षकाची. चित्रकलेचे व्याकरण ज्याला खरोखर येते तो आधी विचारतो, "बाबा रे, तू कुठे बसला होतास?" हा प्रश्न न विचारताच निकाल दिला गेला. आपल्या साहित्याच्या वाट्याला आलेली बरीचशी समीक्षा याच जातीची होती. आम्ही कोठे बसून पाहिले हे तिने विचारले नाही. दिसलेले मोठे का दिसले एवढ्यावरच ती अडून बसली.

पण समजा, पुतळ्याचा पंजा मुळातच मोठा आहे. मग? संसदेच्या आवारात २ एप्रिल १९६७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार ब्रह्मेश वाघ. उजवा हात उंचावून पुढे केलेला, डाव्या हाताशी ग्रंथ. या रचनेत पुढे झेपावणाऱ्या हाताची तिरकी रेषा गती देते. ग्रंथ आणि शरीर यांचे घट्ट वस्तुमान तिला तोलून धरते. गावोगावच्या सिमेंटच्या पुतळ्यांनी हीच रचना स्वीकारली. तेथे हात कधी लांबला, बोट कधी जाड झाले. प्राधान्याचे तत्त्व लावून पाहिले तर या वाढण्याला अर्थ आहे. ज्या समाजाला वाट दाखविणारा हात मिळाला, त्याला त्या पुतळ्यात सर्वांत महत्त्वाचा अवयव तोच वाटतो.

याला आधार हवा असेल तर जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर तो आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात, अंतराळाच्या भिंतीवर, बुद्ध भिक्षापात्र घेऊन यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभा आहे. बुद्ध प्रचंड, आणि त्याची पत्नी व मुलगा त्याच्या पुढ्यात इवलेसे. शरीरमापनाच्या नियमाने हे साफ 'चुकले' आहे. तरीही जगभरचे अभ्यासक या चित्रापुढे नम्र होतात, आणि ते योग्यच आहे. कारण चित्रकाराला उंची मोजायची नव्हती, थोरवी दाखवायची होती. हे लेणे पाचव्या शतकातले. त्याचा दाता ज्या ऋषीक देशाचा राजा होता तो देश म्हणजे खानदेशचा भाग, असे अभ्यासक मानतात. जे. जे.चे ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या भिंतींच्या प्रतिकृती करीत होते. म्हणजे मापाचे प्रमाण शिकविणारी शाळा आणि अर्थाचे प्रमाण जाणणारी भिंत यांची गाठ दीडशे वर्षांपूर्वीच पडली आहे. तरी त्याच न्यायाने वस्तीतला पुतळा पाहिला जात नाही. लेण्यात जी प्रतिभा ठरते तीच गोष्ट नाक्यावर अडाणीपणा का ठरते?

'प्रमाण' हा शब्दच पाहा. चित्रात प्रमाण म्हणजे माप. व्यवहारात प्रमाण म्हणजे ज्याचा शब्द अखेरचा तो. आणि शाळेत प्रमाण म्हणजे प्रमाणभाषा. खानदेशातले अहिराणी बोलणारे मूल शाळेत पहिल्याच वर्षी शिकते की आपली बोली प्रमाण नाही. पुढे त्याला कळते की आपला पुतळाही प्रमाणात नाही. तिन्ही ठिकाणी शब्द एक आणि तिन्ही ठिकाणी ठरविणारे दुसरे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक चूक म्हणजे अर्थ नव्हे. लोखंडी सळईवर गिलावा जास्त चढला म्हणून बोट जाड झाले असेल, किंवा कमी पैशांत साच्यातून घाईने काढल्यामुळे चेहरा बाबासाहेबांचा वाटतच नसेल, तर त्याला अजिंठ्याचा दाखला देणे ही स्वतःची फसवणूक आहे. श्रद्धा कच्च्या कामाची ढाल होता कामा नये. वाढलेला भाग सबंध आकृतीला काही देतो की तिच्यातून फुटून बाहेर पडतो, ही कसोटी आपणच लावली पाहिजे. आणि ती लावायची तर व्याकरण आलेच पाहिजे. नागपूरला १९६१ साली जन्मलेले सवी सावरकर यांनी रीतसर कलाशिक्षण घेतले आणि मग गळ्यात मडके अडकविलेला अस्पृश्य माणूस चित्रात उभा केला. त्यांची आकृती मोडलेली आहे, पण ती मोडता येण्याआधी त्यांना जोडता येत होती. शिकणे आणि विद्रोह यांत वैर नाही, हे त्यांचे काम सांगते.

यात व्यवहाराचाही भाग आहे. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्या नमुन्यापुढे आपले कार्यकर्ते उभे राहतात तेव्हा बहुधा उंची आणि किंमत एवढेच विचारतात. हात कोठे तोलला आहे, पायथ्यावरून पाहणाऱ्याला मस्तक कसे दिसेल, पुतळ्याभोवती मोकळा अवकाश किती राहील, हे प्रश्न दुसऱ्यांवर सोपविले जातात. अवकाश ही क्षुल्लक गोष्ट नाही. २०२४ साली संसदेतला तो पुतळा आवारातच दुसरीकडे हलविला गेला तेव्हा वाद झाला तो जागेवरूनच.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितले : तुझा डोळा चुकीचा नाही, तो अजून बोलायला शिकलेला नाही. चित्र फाडू नकोस. त्याच पुतळ्याची आणखी दोन चित्रे काढ, एक रस्त्याच्या पलीकडून आणि एक समोरच्या गच्चीवरून. तिन्ही शेजारी-शेजारी लाव. मग जो कोणी प्रमाण चुकले म्हणेल त्याला विचार, "साहेब, तुम्ही कुठून पाहिले?"