'पीअरजेएस' आणि थेट दृक्‌श्राव्य संवाद : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ब्राउझरमधून थेट दृक्‌श्राव्य संवाद साधण्यासाठी पूर्वी स्वतंत्र प्लग-इन बसवावे लागे. गुगलने २०११ मध्ये 'वेबआरटीसी' हे तंत्रज्ञान मुक्त स्रोत स्वरूपात खुले केले. २६ जानेवारी २०२१ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्यास अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. या तंत्रज्ञानाचा वापर सुलभ करणारी 'पीअरजेएस' ही जावास्क्रिप्ट लायब्ररी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी सोयीची आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन अध्यापन सर्वच विद्याशाखांच्या परिचयाचे झाल्याने तिची चिकित्सा संगणकशास्त्रापुरती मर्यादित राहत नाही.

सुलभतेचे सामर्थ्य :
मूळ वेबआरटीसीमध्ये प्रस्ताव, उत्तर व संभाव्य पत्ते यांची देवाणघेवाण प्रोग्रामरलाच घडवून आणावी लागते. पीअरजेएसमध्ये प्रत्येक वापरकर्त्यास एक ओळखक्रमांक मिळतो; त्या क्रमांकास बोलावणे, समोरच्याने ते स्वीकारणे आणि आलेला प्रवाह पडद्यावर दाखवणे एवढ्या तीनच क्रिया उरतात. नवशिक्या विद्यार्थ्याला मिळणारा हा आत्मविश्वास मोलाचा आहे.

सुलभतेची मर्यादा :
तथापि, 'दोन ब्राउझर थेट बोलतात, मध्ये कोणी नाही' असा जो समज या सुलभतेतून निर्माण होतो, तो अपुरा आहे. ओळख जुळवण्यासाठी पीअरसर्व्हर लागतो. स्वतःचा सार्वजनिक पत्ता कळण्यासाठी 'स्टन' सर्व्हर लागतो. फायरवॉल किंवा मोबाइल कंपनीच्या सामायिक पत्त्यामुळे थेट मार्ग मिळत नसेल, तर संपूर्ण प्रवाह 'टर्न' सर्व्हरमधून वळवावा लागतो. तो उपलब्ध नसल्यास बोलावणे पोहोचते, परंतु चित्र व आवाज पोहोचत नाहीत. प्रयोगशाळेतील दोन संगणक एकाच नेटवर्कवर असल्याने हा दोष तेथे सहसा उघड होत नाही. तो गावाकडे मोबाइल घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

दुसरी मर्यादा संख्येची. पीअरजेएसचे बोलावणे दोघांपुरते असते. ३० जणांचा वर्ग याच पद्धतीने जोडल्यास ४३५ जोडण्या होतात आणि प्रत्येकास २९ प्रवाह पाठवावे लागतात. एका प्रवाहास ५०० किलोबिट प्रतिसेकंद गृहीत धरले, तरी प्रत्येकाला १४.५ मेगाबिट प्रतिसेकंद अपलोड गती हवी. वर्गासाठी प्रवाह एकदाच स्वीकारून सर्वांना वाटणारा मध्यवर्ती सर्व्हर अपरिहार्य ठरतो. 'जित्सी' ही मुक्त स्रोत प्रणाली याच तत्त्वावर चालते.

निष्कर्ष :
पीअरजेएस हे अध्ययनाचे उत्तम साधन आहे. मात्र वर्गाच्या व्यवस्थेचा पाया म्हणून ती पुरेशी नाही. लायब्ररी गुंतागुंत नाहीशी करीत नाही, ती दृष्टीआड करते. म्हणून प्रकल्पाचे मूल्यमापन दोन भिन्न नेटवर्कवरून व्हावे, तसेच सर्व्हर कोणाचा व त्याचा खर्च कोण करणार याची नोंद अहवालात असावी. ज्याचा आवाज पोहोचत नाही तो वर्गात उपस्थित असूनही वर्गाबाहेरच राहतो, याचे भान कोणत्याही लायब्ररीच्या निवडीपूर्वी असणे आवश्यक आहे.