हेलसिंकी–स्टॉकहोम : एका वेळापत्रकाचं रसग्रहण

हेलसिंकी, संध्याकाळचे पाच. मारिएहाम, पहाटेचे सव्वाचार-साडेचार. स्टॉकहोम, सकाळचे दहा. फिनलंडहून स्वीडनला जाणाऱ्या रात्रीच्या बोटीचं वेळापत्रक एवढंच, तीन ओळींचं. मिनिटं इकडची तिकडे होतात, सांगाडा हाच राहतो. तिकीट काढताना बहुतेक जण त्यावर ओझरती नजर टाकतात आणि केबिनच्या भाड्याकडे वळतात. मला या तीन ओळी सावकाश वाचायला आवडतं. आखणी म्हणून जे काही ठरवायचं असतं, ते जवळजवळ सगळं त्यांच्यातच दडलेलं आहे.

आधी साधा हिशोब. स्वीडनचं घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे, म्हणजे पाच ते दहा हे दिसायला सतरा तास असले तरी प्रत्यक्षात अठरा. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर. या मार्गावरच्या सिल्या सेरेनेड (१९९०) आणि सिल्या सिंफनी (१९९१) या जोडबोटी २० नॉटच्या वर पळू शकतात. ताशी चाळीसेक किलोमीटर धरा. वाट वाकडी असली तरी बारा तासांत पोहोचायला हरकत नव्हती. मग उरलेले सहा तास गेले कुठे? या प्रवासाचा सगळा रस त्या सहा तासांत आहे. ते हातातून सांडलेले नाहीत, जाणूनबुजून घातलेले आहेत. विलंबित गाणारा समेवर यायची घाई करत नाही, तशी ही बोट स्टॉकहोमची घाई करत नाही.

पहिली ओळ पाचची. सिल्या कंपनीच्या बोटी हेलसिंकीत सुटतात त्या ऑलिंपिया टर्मिनलवरून. १९५२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली ही इमारत शहराच्या ऐन मध्यात, दक्षिण बंदराच्या काठावर आहे. बाजारचौकातून चालत यावं, वाटेत पाण्यापलीकडे पांढऱ्या कॅथीड्रलचा घुमट दिसत राहतो. तासभर आधी पोहोचलं की पुरे. फिनलंड आणि स्वीडन दोन्ही २००१पासून शेंगेन व्यवस्थेत आहेत, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का उमटत नाही. पण भारतीय पासपोर्ट घेऊन फिरणाऱ्याने पासपोर्ट आणि व्हिसा सामानाच्या तळाशी ठेवू नये. देश बदलतोय, तपासणी कधीही होऊ शकते. गाडी घेऊन जाणार असाल तर रात्रीची पिशवी वेगळी भरा, कारण बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद होतो.

पाच वाजता केबिनमध्ये सामान लावत बसणाऱ्यांची मला मनापासून हळहळ वाटते. कारण सुटल्यापासून वीसेक मिनिटांत बोट सुओमेनलिना किल्ल्याच्या कुशीतून जाते. १७४८ मध्ये स्वीडनने रशियाच्या धास्तीने हा किल्ला बेटांवर बांधायला घेतला. आज तो जागतिक वारसा यादीत आहे. त्यातल्या कुस्तान्मिएक्का नावाच्या चिंचोळ्या वाटेने बोट बाहेर पडते. वाटेची रुंदी सुमारे ८० मीटर, बोटीची ३१च्या वर. वरच्या डेकवर उभं राहिलं की तटबंदी आपल्या पायांखालून सरकते. मातीने झाकलेले बुरूज, त्यांच्यावर वाढलेलं गवत, तोफांच्या जागा, आणि उन्हाळा असेल तर गवतावर चादरी पसरून बसलेली माणसं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू दिसतं, पोरांचे हलणारे हात दिसतात. सुमारे दोनशे मीटर लांबीची बोट इतक्या जवळून, इतक्या सावकाश जाते की वेगाची जाणीवच राहत नाही. इंजिनाचा सूर खाली उतरलेला असतो. मग अचानक दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि फिनलंडचं आखात समोर पसरतं.

इथे जेवणाचा निर्णय येतो, आणि तोही वेळापत्रकच देतं. बोटीवरच्या बुफेच्या दोन पंगती असतात. हेलसिंकीहून निघालात तर पहिली घ्या: सुओमेनलिना पाहून झालेला असतो, पुढे रात्रभर मोकळं पाणी. स्टॉकहोमहून निघालात तर दुसरी, कारण तिकडून पहिले तीन-साडेतीन तास बेटांमधून जातात आणि त्या वेळात ताटावर मान घालून बसणं म्हणजे चांगल्या मैफलीत उठून जाणं. जागा आधीच, तिकिटाबरोबर राखून ठेवा. ताटात काय वाढून घ्यावं हे ज्याच्या त्याच्या जिभेवर. माझा क्रम ठरलेला आहे. आधी व्हिनेगरमध्ये मुरवलेली हेरिंग, तिच्याबरोबर शेपू घालून उकडलेले बटाटे. मीठ, साखर आणि शेपूत मुरवलेला कच्चा सामन मासा त्यानंतर. आपल्याकडे शेपूच्या वासाने नाक मुरडणारे पुष्कळ आहेत; त्यांनी तो या माशाबरोबर एकदा खाऊन पाहावा. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. राईचा कुरकुरीत ब्रेड, चीजचे प्रकार, बीट, बटाटे, आणि मिळाला तर पिवळ्या क्लाउडबेरीचा जॅम.

दुसरी ओळ मात्र विलक्षण आहे. मारिएहाम, पहाटे. थांबा दहा-पंधरा मिनिटांचा. बोट आख्खी झोपलेली असते, चार-दोन माणसं उतरतात, चढतात. मग वाकडी वाट करून इथे यायचंच कशाला? कारण मारिएहाम ऑलांडमध्ये आहे. ऑलांड हा स्वीडिश बोलणारा, स्वायत्त, फिनलंडचा बेटसमूह. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने तो फिनलंडकडेच ठेवला. १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला तेव्हा ऑलांडला करांच्या बाबतीत संघाच्या कक्षेबाहेर राहण्याची सवलत मिळाली. पुढे १ जुलै १९९९पासून संघातल्या देशांदरम्यानची करमुक्त विक्री बंद झाली. ऑलांडला टेकून जाणाऱ्या बोटींना ती चालू ठेवता आली. म्हणजे बोटीवरचं दुकान, आणि त्या दुकानाच्या जोरावर परवडणारं आपलं तिकीट, हे सगळं या एका ओळीवर उभं आहे. ही ओळ जागेपणी पाहणारे प्रवासी थोडे. एकदा तरी गजर लावून उठावं आणि वर जावं, असं मी सुचवीन. धक्क्यावरचे दिवे आणि दोरखंड टाकणारी माणसं, एवढंच दिसतं, पण आपला प्रवास कशाच्या आधारावर चालला आहे ते डोळ्यांनी कळतं.

रात्रीबद्दल आणखी एक बोलायलाच हवं. २८ सप्टेंबर १९९४ रोजी मध्यरात्रीनंतर, टालिनहून स्टॉकहोमला निघालेली एस्टोनिया ही बोट याच समुद्रात बुडाली. नाळेचं झाकण लाटांच्या माऱ्याने तुटून पडलं, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, आणि तासाभराच्या आत सगळं संपलं. ८५२ माणसं गेली. मदतीला धावलेल्या बोटींमध्ये सिल्या सिंफनीही होती. त्या दुर्घटनेतूनच १९९६ चा स्टॉकहोम करार झाला: गाड्यांच्या डेकवर पाणी साचलं तरी बोटीने तोल सांभाळला पाहिजे, ही अट आली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघून बुडालेल्या ‘रामदास’ची आठवण ज्या घरांत आहे, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. बोटीवर चढल्यावर केबिनपासून आपल्या जमण्याच्या ठिकाणापर्यंत एकदा पायी जाऊन यावं, मुलांनाही न्यावं.

केबिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बोट लागण्याची भीती असेल तर मध्यावरची, शक्यतो खालच्या मजल्यावरची घ्या. शरद ऋतूतल्या वाऱ्यात तिथे हेलकावे कमी जाणवतात. गाड्यांच्या डेकखालची सर्वांत स्वस्त केबिन मी घेत नाही. तिथे रात्रभर इंजिनाची घरघर सोबतीला असते. जूनमध्ये खिडकीसाठी पैसे मोजू नका, साडेतीनलाच उजाडतं आणि झोप मोडते. या बोटींवर तिसऱ्याच प्रकारची खिडकीही आहे. मधोमध काचेच्या छताखाली दुकानांचा एक रस्ता काढला आहे आणि आतल्या काही केबिनच्या खिडक्या त्या रस्त्यावर उघडतात. पुढे व्हॉयेजर ऑफ द सीज या प्रचंड क्रूझ जहाजावर हीच कल्पना आली, आणि तेही फिनलंडच्या तुर्कू शहरातच बांधलं गेलं. कल्पना सुरेख आहे, पण रात्री उशिरापर्यंत गजबज असते.

आता तिसरी ओळ, आणि ती खरं म्हणजे दहाला सुरू होत नाही, सहाच्या सुमाराला होते. ऑलांडचा समुद्र ओलांडून बोट स्टॉकहोमच्या द्वीपसमूहात शिरते. सुमारे ३०,००० लहानमोठी बेटं. आधी नुसते खडक दिसतात, पाण्याबरोबरचे, उघडे. हिमयुगातल्या बर्फाने त्यांची उत्तरेकडची बाजू घासून गुळगुळीत केली आहे, दक्षिणेकडची तोडून खडबडीत. दोन्ही बाजू नीट पाहा, बर्फ कुठून कुठे सरकला ते त्या खडकावर वाचता येतं. बर्फाचं ओझं उतरल्यापासून ही जमीन आजही वर्षाला काही मिलिमीटर वर उचलली जाते आहे. पुढे खडकांवर शेवाळ आणि गवत येतं, त्यापुढे वाऱ्याने वाकलेले पाइन, मग बर्च, मग पहिलं लाल घर. फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून होणारा तो लाल रंग, पांढऱ्या चौकटी, पाण्यात उतरलेला लाकडी धक्का, झेंड्याची काठी. फुरुसुंडला सामुद्रधुनी इतकी आवळते की व्हरांड्यात कॉफी पिणारा माणूस कप कुठल्या हातात धरून आहे तेही दिसावं. पिप्पी लाँगस्टॉकिंग लिहिणाऱ्या अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांचं उन्हाळी घर इथेच होतं. काठ धुपू नयेत म्हणून बोटींच्या वेगाला इथे मर्यादा आहे. सुरुवातीला न सापडलेल्या तासांचा मोठा वाटा इथे सापडतो. नाश्ता लवकर उरकून डेकवर यावं, अंगात वारा अडवणारं जाकीट असावं, उन्हाळ्यातसुद्धा.

राहता राहिला मोसम आणि दिशा. डिसेंबरात दोन्ही टोकांना बोट अंधारात सुटते. हेलसिंकीहून निघालं तर निदान शेवटचा तास-सव्वा तास बेटांवर उजेड मिळतो. फेब्रुवारीच्या अखेरीला सकाळ सातला फुटते, बेटं बर्फाने झाकलेली असतात, आणि थंडी कडक पडली असेल तर पाणीही गोठलेलं असतं. तेव्हा मी हेलसिंकीहूनच निघेन. जूनमध्ये उलट. स्टॉकहोमच्या व्हॅर्टाहाम्नेन बंदरात जायला गेर्डेट मेट्रो स्थानकापासून पायी पंधरा मिनिटं पुरतात. पावणेपाच-पाचला निघालेली बोट ईशान्येला तोंड करून बेटांमधून जाते, उतरतं ऊन मागून येतं, म्हणून जागा धरायची ती मागच्या टोकाला. सूर्य मावळतो दहाच्या पुढे, तोवर मोकळा समुद्र लागलेला असतो. शुक्रवार-शनिवारच्या बोटी मौजमजेला निघालेल्यांनी भरतात, रात्रभर नाचगाणं चालतं. ज्यांना तेच हवं त्यांच्यासाठी तेही छान आहे. ज्याला बेटं पाहायची आहेत त्याने सोमवार-मंगळवारची बोट धरावी. जुलैत शाळांना सुट्ट्या असतात, त्यामुळे त्या महिन्याचं तिकीट वसंतातच काढावं.