खेळाडूंच्या खांद्याचे कंडरा-विकार आणि व्यायामोपचार : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
भालाफेक, व्हॉलीबॉल, क्रिकेट या खेळांत हात डोक्यावरून वारंवार फिरतो. खांद्याचा सांधा स्थिर ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांवर त्यामुळे ताण येतो व तो क्षमतेपलीकडे गेल्यास दुखणे उद्भवते. यावर शस्त्रक्रिया किंवा पूर्ण विश्रांती हेच उपाय होत, हा समज क्रीडाक्षेत्रात रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च 2006 मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर 2006 मध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 141 धावा केल्या. अशा पुनरागमनाचे श्रेय शस्त्रक्रियेला सहज दिले जाते. मधल्या सहा महिन्यांच्या पुनर्वसनाकडे दुर्लक्ष होते. मात्र कोणाचा वाटा किती, हे एका उदाहरणावरून ठरत नाही. त्यासाठी तुलनात्मक अभ्यासच पाहावे लागतात.

खांद्यावरील हाडाच्या टोकाखाली कंडरा घासली जाते, अशी उपपत्ती चार्ल्स नीअर यांनी 1972 मध्ये मांडली. हाड तासण्याची शस्त्रक्रिया तीवरच आधारलेली आहे. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 313 रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासाने या उपपत्तीला धक्का दिला. हाड तासलेले रुग्ण आणि केवळ दुर्बिणीने तपासलेले रुग्ण यांच्या सुधारणेत लक्षणीय अंतर आढळले नाही.

2012 च्या स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीतील रुग्णांना इंजेक्शननंतर 12 आठवडे व्यायाम दिले गेले. कंडरा व फऱ्याच्या हाडाभोवतीचे स्नायू यांवर क्रमाने भार वाढविलेल्या गटातील 20 टक्के रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया स्वीकारली. सामान्य हालचालींच्या गटात हे प्रमाण 63 टक्के होते. व्यायाम 'कोणता' हा प्रश्न 'करावा की नाही' याइतकाच महत्त्वाचा आहे, हे यातून दिसते.

तथापि या अभ्यासांतील रुग्ण प्रामुख्याने मध्यमवयीन होते. चेंडू वेगाने फेकणाऱ्या तरुण खेळाडूस हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल. आघाताने कंडरा पूर्ण तुटल्यास तज्ज्ञाचा सल्ला अनिवार्यच आहे.

निष्कर्ष :
वणीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक हाच बहुधा खेळाडूचा पहिला सल्लागार असतो. 'हात हलवू नकोस' या सल्ल्याने कंडरेची भार पेलण्याची क्षमता घटते आणि खेळाडू मैदानावर परतताच दुखणे उलटते. सुसह्य व पुढील सत्रापूर्वी शमणारी वेदना ही मर्यादा मानून भार वाढविणे, फेकी मोजून देणे आणि त्यांची नोंद ठेवणे, हे रबरी पट्टा व डंबेल एवढ्या साधनांवर शक्य आहे. उणीव साधनांची कमी व दृष्टीची अधिक आहे.