कार्लो रोस्सेली यांचा ‘उदारमतवादी समाजवाद’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इटलीतील फॅसिझमविरोधी लढ्याचा विचार करताना कम्युनिस्ट पक्षाचे कार्य बहुधा अग्रभागी येते. तथापि राजकीय निर्वासितांनी १९२९ साली पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या ‘जुस्तीत्सिया ए लिबर्ता’ म्हणजे ‘न्याय आणि स्वातंत्र्य’ या चळवळीची वैचारिक कामगिरीही तितकीच लक्षणीय आहे. या चळवळीचे प्रमुख कार्लो रोस्सेली (१८९९-१९३७) यांच्या ‘उदारमतवादी समाजवाद’ या ग्रंथाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
वृद्ध समाजवादी नेते फिलिप्पो तुराती यांना १९२६ मध्ये मोटारबोटीने कॉर्सिकाला पोहोचविल्याबद्दल रोस्सेली यांना अटक झाली. पुढे लिपारी बेटावर स्थानबद्ध असताना त्यांनी हा ग्रंथ लिहिला. जुलै १९२९ मध्ये एमिलिओ लुस्सू व फाउस्तो नित्ती यांच्यासह ते बेटावरून निसटले. ग्रंथ १९३० मध्ये प्रथम फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. इटलीत तो १९४५ मध्ये, म्हणजे लेखकाच्या हत्येनंतर आठ वर्षांनी निघाला.

ग्रंथातील प्रतिपादन :
रोस्सेली यांचा मूळ प्रश्न पराभवाचा आहे. एवढी मोठी कामगार चळवळ फॅसिझमपुढे इतक्या लवकर का कोसळली? केवळ दडपशाही हे उत्तर त्यांना पुरेसे वाटत नाही. इतिहासाची गती आपल्याच बाजूची आहे, या श्रद्धेने समाजवाद्यांची इच्छाशक्ती क्षीण केली, असे त्यांचे निदान आहे. जे अटळ आहे त्यासाठी कोणी प्राण पणाला लावत नाही. म्हणून समाजवादाला नियतिवादापासून सोडवून नैतिक निवडीच्या पायावर उभे करावे, असे ते म्हणतात. त्यांच्या मते समाजवाद हा उदारमतवादाचा शत्रू नसून त्याचा वारस आहे. स्वातंत्र्य गरिबांच्या आयुष्यात उतरविणे हेच त्याचे कार्य होय.

मर्यादा :
या प्रतिपादनात दोन उणिवा जाणवतात. पहिली म्हणजे, रोस्सेली ज्या मार्क्सशी वाद घालतात तो बराचसा दुसऱ्या इंटरनॅशनलच्या भाष्यकारांनी घडविलेला मार्क्स आहे. मानवी कृतीला महत्त्व देणारा मार्क्स येथे झाकोळला जातो. पाल्मीरो तोल्याती यांनी १९३१ मध्ये या ग्रंथावर कठोर टीका केली. ती पक्षीय अभिनिवेशाची होती, हे मान्य करूनही ही उणीव नाकारता येत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कामगार हा स्वातंत्र्याचा वाहक मानला असला, तरी दक्षिण इटलीतील भूमिहीन शेतकरी या मांडणीत परिघावरच राहतो. चळवळीच्या १९३२ च्या कार्यक्रमात जमीनसुधारणेला स्थान मिळाले, पण त्या शेतकऱ्याचे मन कळण्यास याच चळवळीतील कार्लो लेव्ही यांचे ‘ख्रिस्त एबोलीलाच थांबला’ हे १९४५ चे पुस्तक यावे लागले. शासन कोणाचेही असो, ते परकेच, ही त्या शेतकऱ्याची धारणा नैतिक आवाहनाने बदलणारी नव्हती.

या उणिवेचे परिणाम पुढे दिसले. चळवळीच्या परंपरेतून १९४२ मध्ये ‘कृती पक्ष’ उभा राहिला. सशस्त्र प्रतिकारात त्याचा वाटा मोठा होता. १९४५ मध्ये त्याचे नेते फेरूच्चो पार्री काही महिने पंतप्रधानही होते. परंतु १९४६ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत पक्षाला अवघ्या सात जागा मिळाल्या आणि १९४७ मध्ये तो विसर्जित झाला.

समारोप :
निवडणुकीतील अपयशावरून ग्रंथाचे मोल ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. समतेसाठी स्वातंत्र्य काही काळ बाजूला ठेवता येते काय, या प्रश्नाला रोस्सेली यांनी स्पष्ट नकार दिला, तोही जेव्हा डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना होकाराचा मोह पडला होता. आपल्या विचाराची किंमत त्यांनी स्वतः मोजली. १९३६ मध्ये ते स्पेनमध्ये लढले आणि ९ जून १९३७ रोजी नॉर्मंडीत बंधू नेल्लो यांच्यासह मारले गेले. ग्रंथाचा युक्तिवाद काही ठिकाणी अपुरा आहे, परंतु पराभवाचे खापर केवळ शत्रूवर न फोडता स्वतःच्या विचारसरणीची झडती घेण्याचे त्यातील धैर्य कोणत्याही चळवळीच्या अभ्यासकाला मार्गदर्शक ठरावे.