आषाढातले सुख आणि रोजचे सुख

आमच्या आत्मकथनांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यात वेदना आहे, विद्रोह आहे, नकार आहे. सुख हा शब्द मात्र जवळजवळ नाही. वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, या माणसांना सुख होतंच नाही का?" प्रश्न भाबडा वाटेल, पण आमच्या समीक्षेला तो कधी पडला नाही, हे खरे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' या प्रश्नासाठी पुन्हा वाचावे. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले, १९८६ मध्ये पुस्तक झाले. वीरगावच्या महारवाड्यातला आषाढ लेखिका रंगून सांगते. घरे सारवली जातात, अंगाला पाणी लागते, पोटाला चार घास जास्त मिळतात, बायांच्या अंगात देवी येते. वर्षभर कुत्र्याच्या मोलाने जगणारी बाई त्या घटकेपुरती सगळ्यांच्या नमस्काराची धनीण होते. हे सुख खोटे होते असे मी म्हणणार नाही. उपाशी माणसाच्या तोंडातला घास खोटा नसतो. पण ते उसनवारीचे होते; आषाढ सरला की परत करावे लागे. शिवाय व्याज होतेच, कारण त्याच देवाधर्मापायी पोटचा मुलगा पोतराज म्हणून सोडला जाई.

'आहे त्यात समाधान माना' हा उपदेश आपल्याकडे फार जुना. ज्याचे कोठार भरलेले आहे त्याला तो शोभतही असेल. गावकुसाबाहेर त्याचा अर्थ एकच: आहात तिथेच राहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांविषयीच शंका घेतली, ती याच संदर्भात वाचली पाहिजे. जन्म, जरा, मरण हेच दुःख असेल तर माणसाला आशा कसली उरते, असा त्यांचा रोख आहे. दुःख माणसाने माणसाला दिलेले असेल, तर सुखही माणसांच्या परस्परसंबंधांतच शोधावे लागणार.

म्हणून या पुस्तकाचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. बाबासाहेबांचे ऐकून बाया मेलेल्या ढोराचे मांस टाकतात, पोरांना शाळेत घालतात. तिथे सणाचा जल्लोष नाही. मूल सकाळी शाळेत जाते, एवढेच. पण हा आनंद दुसऱ्या दिवशीही असतो, आणि तो पाटलाने वाढलेला नसतो. (शीर्षकातला 'आमुचं' हा शब्द उगाच नाही.)

तरीही एक गोष्ट उरते. लेखिकेने हे लेखन फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून केले आणि वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. तिने हे पुढे मुलाखतीत सांगितले, पुस्तकात नव्हे. महारवाड्याचे सुख सांगताना 'आम्ही' म्हणणारी ही बाई स्वतःच्या घरातले कागद मात्र एकटीनेच लपवत होती. त्या कागदांवर आमच्या किती परिसंवादांत चर्चा झाली?